वहीला लागलेले नंबर

बाइंडरच्या बायकोला वाचनालयात चार पुस्तकं परत करायची होती. तिने पाच केली.

पाचवं पुस्तक म्हणजे पुस्तक नव्हतंच, नवऱ्याची वही होती. बावीस वर्षांत त्याने जे जे वाचलं, जी जी नाटकं, सिनेमे, मालिका पाहिल्या, त्या सगळ्यांची तीत नोंद होती. तारीख, नाव, पूर्ण केलं की मध्येच सोडलं, आणि एका ओळीत मत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायचं काम त्याच्याकडेच असे, आणि तिथल्याच उरलेल्या तपकिरी कापडात त्याने वहीही बांधली होती. हरवेल म्हणून ती तो कधी घराबाहेर नेत नसे. टेबलावरच्या वाचनालयाच्या गठ्ठ्यात ती जाऊन बसली, तेव्हा तिला परकी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बायको या वहीला चित्रगुप्ताचं दप्तर म्हणायची. वाचलेलं पुस्तक तो चुकूनही पुन्हा घरी आणत नसे, आणि ती मात्र एकच रहस्यकथा तिसऱ्यांदा आणून शेवटच्या दहा पानांत कपाळावर हात मारून घ्यायची. तरी थट्टा व्हायची ती वहीचीच.

नवरा चार दिवसांसाठी बहिणीकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. बहीण एका नाटकाची तिकिटं काढत होती, ते आपण पाहिलंय का एवढं वहीत बघून सांग, म्हणाला. बायकोने टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, मग कालचा गठ्ठा डोळ्यांपुढे आला.

"पाहिलंय," तिने ठोकून दिलं.

"मत काय लिहिलंय?"

"ठीक."

"ठीक असं मी कधीच लिहीत नाही," तो म्हणाला.

"मग दुसरं काहीतरी असेल. अक्षर लागत नाहीये."

"माझं?"

आजवर त्याच्या अक्षराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. घरी काहीतरी बिघडलंय एवढं त्याने ओळखलं आणि उद्याच निघतो म्हणून फोन ठेवला.

तिने पायात चपला सरकवल्या आणि वाचनालय गाठलं. ग्रंथपाल कामाला वाघ. कुणीतरी देणगी दिली असं समजून त्याने वहीला क्रमांक दिला होता, तीन पानांवर शिक्का मारला होता, आणि काल संध्याकाळीच ती दातांच्या डॉक्टरांनी नेली होती. वही आमची आहे हे तिने परोपरीने सांगितलं. रजिस्टरात चढलेली वस्तू कमिटीच्या बैठकीशिवाय उतरत नाही, हे त्याने तितक्याच परोपरीने सांगितलं. शिवाय डॉक्टर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तिच्याबद्दल सांगतायत, सकाळपासून पाच जण विचारून गेले, तेव्हा हवी असेल तर वहिनींनी नंबर लावावा, असा सल्लाही दिला.

ती तशीच दवाखान्यात गेली, पण डॉक्टर वही सोडायला तयार नव्हते. आठ वर्षांत त्यांच्या हातून एक पुस्तक पुरं झालं नव्हतं. या वहीतल्या एका ओळीवर विसंबून त्यांनी काल एक उघडलं आणि निम्मं संपवलं. मात्र पुढचा पेशंट होईस्तोवर इथेच बसून वाचा, एवढी सवलत त्यांनी दिली. दोन सुजलेल्या गालांच्या मधल्या खुर्चीत बसून तिने आयुष्यात पहिल्यांदा ती वही उघडली.

"पहिली चाळीस पानं गाळावीत. पुस्तक त्यानंतर सुरू होतं." "लेखक हुशार आहे आणि ते त्याला फार माहीत आहे." तापात काढलेल्या दिवसांतही, वाकड्या अक्षरात का होईना, नोंद होतीच. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्या या माणसाने संध्याकाळी ती इतकी मन लावून वाचली होती, आणि आपण त्याला चित्रगुप्त म्हणत होतो. तिला मनापासून कौतुक वाटलं, आणि तितकीच लाजही.

मग नाटकांची पानं आली. तिथे नाटकाबद्दल फारसं नव्हतंच. "ही सात वेळा हसली. उत्तम." "ही दोनदा हसली. बेताचं." आणि एका तारखेला, "ही एकदाही हसली नाही. डोकं दुखतं असं सांगून मध्यंतरात उठलो." ती संध्याकाळ तिला चांगली आठवत होती. घरी येऊन तिने तासभर त्याच्या कपाळाला बाम चोळला होता, आणि त्याने तो मुकाट्याने चोळून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. तिने पाण्याचा पेला हातात देण्याआधीच सगळं सांगून टाकलं, वाचल्याचंसुद्धा.

"कुठली पानं वाचलीस?"

"नाटकांची."

तो कानापर्यंत लाल झाला आणि पाणी न पिताच वाचनालयाकडे निघाला. आता तिथे काय रणकंदन होतंय या काळजीने तिने तासभर दारात येरझाऱ्या घातल्या. तो परतला तो हात हलवत.

"नाही दिली?"

"दहावा नंबर लागलाय."

"अहो, वही तुमची आहे. सांगितलं नाहीत का तुम्ही?"

"सांगणारच होतो." त्याने चपला काढून नीट जोडीने ठेवल्या. "पण माझ्यापुढे पुस्तकं बदलायला आलेले दोघं उभे होते. एक दुसऱ्याला म्हणत होता, हा लिहिणारा माणूस उगाच कुणाची स्तुती करत नाही, याचं ऐकावं. मी जरा वेळ ऐकत राहिलो. मग ओळख द्यायची पंचाईत झाली."

"आणि नंबर कशाला लावलात?"

"एवढं म्हणतायत तर वाचायला हवी."

बायकोने पाण्याचा पेला पुन्हा त्याच्या हातात दिला.

"नववा नंबर माझा आहे, काल दवाखान्यातून येतानाच लावला," ती म्हणाली. "माझी वाचून झाली की मिळेल. पण मागे लागायचं नाही."