कॅलवेबाईंचा कोपरा

"आमच्या गावातला कोपरा खिशात आहे असं समजा!" ब्रिटा हूगलँडने प्रचार कचेरीला फोनवर ठणकावून सांगितलं. वय वर्षं सतरा, पण आवाज सात निवडणुका जिंकलेल्या पुढाऱ्याचा.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या गावात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार चोरून-लपून निवडत नाहीत. कडाक्याच्या थंडीत पक्षाच्या सगळ्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत उभं राहायचं आणि मग डोकी मोजायची. डोकी कमी पडली की कोपरा मोडला. मग तिथल्यांनी दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर मुकाट्याने घरी. निवडणुकीपर्यंत अठराची होणारी पोरंही यात उभी राहू शकतात, त्यामुळे चौदाव्या वर्षापासून सिनेटर कॅलवेबाईंना मानणाऱ्या ब्रिटाला त्यांच्यासाठी रान उठवायला मोकळीक मिळाली होती. तिने वर्गातल्या पोरांना गळ घातली, चर्चमधल्या दोन म्हाताऱ्यांकडून वचन घेतलं. राहिले होते फक्त आजोबा.

"मी एकदाच कुणासाठी वेडा झालो होतो. फेलनसाठी," व्हर्लिन आजोबा म्हणायचे. कॉलेजात असताना शेतकऱ्यांच्या बायकांनी दार उघडावं म्हणून त्यांनी दाढी उतरवली, टाय उसना घेतला आणि बर्फातून दारोदार हिंडले. फेलन निवडणूक हरला. "दाढी परत आली, पोरी. उत्साह नाही आला."

"दाढी राहू द्या, आजोबा! नुसते येऊन उभे राहा!"

महिनाभर तिने त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ते आले.

सुरुवात झकास झाली. कॅलवेबाईंच्या कोपऱ्यात ब्रिटाने पीनट बटरच्या वड्या मांडल्या होत्या. तिथे ही गर्दी! ब्रिटाने लगेच कचेरीला कळवलं, "माणसं मावत नाहीत!" मग डार्लीन टेकिप्पेबाईंनी शिट्टी फुंकली. बाई सभेच्या अध्यक्ष होत्या आणि एरवी बास्केटबॉल शिकवायच्या. "मोजणी!" शिट्टीसरशी लोक वड्या घेऊन आपापल्या कोपऱ्यात चालते झाले.

कोपरा टिकायला बारा डोकी हवी होती. आजोबा धरून भरली दहा.

ब्रिटाने डोकी पुन्हा मोजली. कचेरीला आता काय तोंड दाखवायचं?

"आणखी दोन माणसं वळवायला पाच मिनिटं," टेकिप्पेबाई म्हणाल्या.

"मी बोलू का?" आजोबांनी विचारलं.

"बोला ना, आजोबा!" ब्रिटाने त्यांना जवळजवळ ढकललंच.

आजोबा मधोमध जाऊन उभे राहिले. "ही माझी नात. हिला बघितलं की मला माझे दिवस आठवतात," अशी फक्कड सुरुवात झाली. ब्रिटाची मान ताठ झाली. "तेव्हा आमचा फेलन होता..." आणि गाडी रुळावरून जी घसरली ती घसरलीच! बर्फ, उसना टाय, पाठीमागे लागलेली कुत्री, आणि शेवटच्या सभेत फेलनने व्हर्लिनशी केलेलं हस्तांदोलन.

"अरे, फेलनसाठी हिंडणाऱ्या त्या पोरांत मीही होतो!" गव्हर्नर प्रूइटबाईंच्या कोपऱ्यातून पशुखाद्याच्या दुकानाचे आर्लो श्मिट ओरडले आणि डोळे पुसत मधे आले. पाठोपाठ आणखी म्हातारे. मग म्हाताऱ्या. ब्रिटाच्या चर्चवाल्या दोघीसुद्धा!

"आजोबा! कॅलवेबाई! कॅलवेबाईंबद्दल बोला!"

कोण ऐकतो! आजोबांनी हात उंचावला. "डार्लीन, लिही. आमचा गट फेलनचा!"

"व्हर्लिन, तो माणूस वारलाय!"

"म्हणूनच! आता वचन मोडायची भीती नाही!"

सगळी व्यायामशाळा हसून लोटपोट झाली. टेकिप्पेबाईंनी नियम चाळले. मेलेल्या माणसाचा गट होत नाही, पण ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांचा होतो. तशी नोंद करून त्यांनी डोकी मोजली. पंधरा! फेलनचा गट टिकला आणि कॅलवेबाईंचा मोडला.

मुकाट्याने घरी जाणाऱ्यांतली ब्रिटा नव्हती, तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. वर्षभर जिला नावं ठेवली त्या प्रूइटची पाटी धरायची, नाहीतर आजोबांशेजारी उभं राहायचं. ती पाय आपटत मधे गेली. तिचा नुसता संताप झाला होता. पण आजोबांकडे बघितलं आणि तिला रागावताच येईना. आर्लोच्या गळ्यात हात टाकून ते कॉलेजातल्या पोरासारखे खिदळत होते. आजोबांना इतकं खूश तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिलाही हसू फुटलं. बरं वाटलं, अगदी मनापासून.

"चला, तुमच्या गटाचा प्रतिनिधी कोण?" टेकिप्पेबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये जिल्ह्याच्या अधिवेशनाला जायचंय. शनिवारी, दिवसभर."

एका क्षणात फेलनचे सगळे शिलेदार आपापले बूट निरखू लागले. आर्लोला कंबरदुखी आठवली. आजोबांनी हळूच ब्रिटाचा हात धरून वर केला.

"हिला पाठवा. हिच्यात उत्साह फार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चौदाव्या वर्षीच आपला उमेदवार ठरवून बसलेली ब्रिटा हूगलँड, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही अशांची एकमताने प्रतिनिधी झाली!