पटले सर पुस्तक वाचतात

आमच्या शाळेतले पटले सर तुम्हाला प्रश्न विचारतील आणि मग गप्प उभे राहतील. तुम्ही लगेच उत्तर दिलंत तर ठीक. नाही दिलंत, तर ते ओठ मिटून, भुवया जराशा वर करून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजतात. तोवर काहीही झालं तरी बोलायचे नाहीत. वर्गात हे चालून जातं. पण सर एसटीच्या स्टँडवरही हेच करतात.

एकदा सिहोऱ्याच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरला विचारलं, "बपेऱ्याची गाडी हीच ना?" कंडक्टर तिकिटाच्या मशीनशी झटापट करत होता. सर थांबले. घंटी वाजली, दार लागलं, गाडी निघाली. मी तुमसरहून गावी परतत होते, आत खिडकीशी बसले होते. सर खाली तसेच उभे, भुवया वर. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, काल काहून नाही चढले?"

"आठापर्यंत आलो होतो मॅडम," सर म्हणाले. "दोनच आकडे राहिले होते."

हे आकडे मोजणं पुस्तकातलं. सर इंग्रजी शिकवतात आणि इंग्रजी कसं शिकवावं याची पुस्तकं वाचतात. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. मी एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे. नोकरी लागल्यानंतर शिकवण्याबद्दलचं पुस्तक आपण होऊन वाचणारा माणूस मी हा एकच पाहिला. आम्ही प्रशिक्षणाला जातो, सही करतो, मिळालेली पुस्तिका कपाटात ठेवतो. पटले सर स्वतःची वाचून झाली की आमच्या कपाटापाशी येतात. "तुम्ही नाही वाचून राहिले ना? मंग मले द्या."

काही पुस्तकं त्यांना कुरियरनं येतात. बाकीची ते मोबाइलवर शोधतात आणि तुमसरला झेरॉक्सच्या दुकानात छापून, बांधून आणतात. प्रत्येकाला खाकी कव्हर, शाळेच्या पोरांसारखं. एकदा दुकानदाराकडून गडबड झाली आणि मधली सहा पानं भाताची रोपं लावायच्या, म्हणजे रोवणीच्या, यंत्राची निघाली. सरांनी तीही पेन्सिलीनं खुणा करत वाचली. "म्हटलं, उदाहरण असंल," म्हणाले.

सर नवं प्रकरण वाचायला लागले की आम्हाला धडकी भरते. कारण वाचलेलं करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका प्रकरणात असं होतं की विद्यार्थ्याची चूक दाखवून देऊ नये, आपण तेच वाक्य सहज बरोबर म्हणावं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी माइकवर जाहीर केलं, "टुमॉरो वॉज हॉलिडे." मागच्या रांगेतून अतिशय प्रेमळ आवाज आला, "यस सर, टुमॉरो इज अ हॉलिडे." मुख्याध्यापक नंतर महिनाभर माइकवर मराठीशिवाय काही बोलले नाहीत.

दुसरं प्रकरण अर्ध्या चित्राचं. पोरांच्या जोड्या करायच्या, बाकं फिरवून पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाकडे चित्राचा अर्धा भाग, दुसऱ्याकडे उरलेला. बोलून बोलून चित्र पुरं करायचं. माझा वर्ग भिंतीपलीकडे. मी पायथागोरस शिकवते आहे आणि पलीकडून पंचेचाळीस पोरं ओरडत आहेत, "व्हेअर इज गोट?" "गोट इज ऑन द बाबा!"

मुख्याध्यापक दारात आले. "पटले सर, वर्ग आहे का बाजार?"

"बाजारच सर!" सर मनापासून खूश झाले. "पुस्तक म्हणते, जिथं देवाणघेवाण होते तिथंच भाषा येते."

"पटले सर, तुम्हाला जे पटते ते आम्हाला पटलंच पाहिजे असं नाही," मुख्याध्यापक म्हणाले. हा विनोद ते दर वर्षी करत. सर दर वर्षी हसत.

आठवीच्या वर्गात दीपाली नावाची मुलगी होती. तिचे वडील गावच्या तलावात मासेमारी करतात. मुलगी लिहायला नीट, पण वर्गात मराठीतही जेमतेम बोलायची आणि इंग्रजी तर एक शब्द नाही. जून गेला, दिवाळी गेली, दीपाली गप्प. मी सरांना म्हटलं, "तिले उभी करून वाचायले लावा ना."

"नाही मॅडम. ऐकून राहिली ती. पुस्तक म्हणते, लेकरू आधी ऐकते, बोलाची घाई करू नये."

"किती दिवस ऐकील?"

सरांनी जरा विचार केला. "ते नाही दिलं पुस्तकात."

हिवाळ्यात तपासणी आली. आलेले साहेब घाईत होते, आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या. मी हजेरीपट घेऊन त्यांच्या मागे उभी होते. साहेबांनी आठवीत शिरून नेमकं दीपालीकडे बोट केलं. "व्हॉट इज युअर नेम?"

दीपाली उभी राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. साहेब काही दहापर्यंत मोजणारे नव्हते. "नावही सांगता येत नाही? आठवीत आहेस ना?" मागच्या बाकांवर पोरं खिदळली. तेव्हा पटले सर पुढे आले आणि साहेब आणि बाक यांच्या मधे उभे राहिले. नेहमी पाय ओढत चालणारा माणूस इतक्या चटकन कसा आला, कळलं नाही.

"तिले येते सर. आज नाही सांगणार ती."

"मग केव्हा सांगणार?"

"ते मले नाही माहीत."

साहेबांनी शेरा लिहिला. विद्यार्थ्यांना मूलभूत वाक्येही येत नाहीत. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा ठरलं होतं: सोमवारपासून गाईड, प्रश्नोत्तरं पाठ, बाकं सरळ. सरांनी स्वतःच्या हातांनी बाकं सरळ केली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या मॅडम, मीच फिरवली होती."

पुढचे कितीतरी दिवस ते मधल्या सुट्टीत पुस्तकाशिवाय बसले. खिडकीबाहेर कापणी झालेल्या धानाच्या शेतांकडे पाहत. कुणाला काही विचारलं तर उत्तराची वाटही पाहत नसत. मला ते बघवेना.

मग एका सकाळी खाकी कव्हर पुन्हा बाहेर आलं. शेवटचं प्रकरण होतं. त्यात शिक्षकाला सांगितलं होतं की अधूनमधून आपण अजिबात न येणारी एखादी गोष्ट शिकायला घ्यावी.

"काय शिकता मंग? कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"जाळं फेकाचं शिकून राहिलो. दीपालीच्या बापाकडं. रविवारी."

माझं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच आहे. रविवारी सकाळी जाऊन पाहिलं तर बावन्न वर्षांचे पटले सर, पँट गुडघ्यांपर्यंत गुंडाळून, पाण्यात उभे. जाळं फेकलं की ते हवेत फुलायला हवं. सरांचं जाळं ओल्या गोधडीसारखं गोळा होऊन समोर दोन हातांवर पडत होतं. दीपालीच्या वडिलांची शिकवण्याची पद्धत कुठल्याही पुस्तकातली नव्हती.

"अरे गुरुजी! दगड फेकून राहिले का? उघडा ना त्याले!"

पाळीवर आठ-दहा माणसं जमली होती, त्यांत आमच्या शाळेची पोरंही. सगळे हसत होते. दीपाली एका बाजूला बसून टोपलीतले मासे निवडत होती. चौथ्या वेळी जाळं सरांच्याच पायात अडकलं तेव्हा तिला राहवलं नाही. ती उठून पाण्यात आली.

"सर, कोपर खाली नोका आणू. ही कड दातात धरा. आता फिरा. माझ्याकडं पाहू नोका, पाण्याकडं पाहा."

मी तिच्या तोंडून एका दमात एवढे शब्द कधी ऐकले नव्हते. सरांना काहीतरी विचारायचं होतं, पण तोंडात जाळं. त्यांनी नुसती मान हलवली. या वेळी जाळं अर्धं उघडलं. मासा काही आला नाही.

परतताना मी म्हटलं, "सर, सारा गाव पाहते. लाज नाही वाटत?"

"वाटते ना. बहुत वाटते." त्यांच्या दाढीला शेवाळ लागलं होतं. "चारचौघांत चुकताना कसं वाटते, ते विसरलो होतो मी. मंग शिकवावं कसं?"

असे चार रविवार गेले.

पाचव्या आठवड्यात सोमवारी पलीकडच्या वर्गात गाईडमधलं उत्तर चाललं होतं. रविवारी तुम्ही काय केलं? सगळ्यांचं उत्तर एकच, मी बाजारात गेलो. एक बाक, दुसरा बाक, तोच सूर. मग सूर थांबला. मला भिंतीपलीकडूनही कळलं की पाळी दीपालीवर आली आहे. मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझी पोरंही भिंतीकडे वळली.

"सर," पलीकडून बारीक आवाज आला. "सर कॅच नो फिश."

वर्गात एकच हशा पिकला. मी दारात जाऊन पाहिलं. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती, दीपालीही हसत होती, आणि सर फळ्याला टेकून डोळे पुसत म्हणत होते, "यस! फोर संडेज! सर कॉट नो फिश!" मुख्याध्यापक व्हरांड्यात आले होते. ते जरा वेळ उभे राहिले आणि परत गेले. पुढच्या आठवड्यात बाकं पुन्हा फिरली. मुख्याध्यापकांनी फक्त आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दीपाली बोलली त्या सोमवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मला सिहोऱ्याला, सरांच्या गावी, काम होतं. स्टँडवर उतरल्यावर सर म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं घरी या. चहा घेऊन जा." इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. सरांनी कपाटातून एक जाडी, कोपरे झिजलेली वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहायला बसले. आधी दीपालीचं नाव. त्यापुढे, सर कॅच नो फिश. जसं ती म्हणाली तसंच, चुकीचं.

"पाहू का?" मी विचारलं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. पानोपानी नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एकेक वाक्य. त्या त्या लेकराचं आपल्या मनानं बोललेलं पहिलं इंग्रजी वाक्य. 'माय म्हैस इज गो.' 'रेन कम, आय नॉट कम.' 'सर, यू टॉक फास्ट.' यातली कितीतरी पोरं मला आठवत होती. एक आता तुमसरला दवाखान्यात नर्स आहे. मी हसत हसत मागे मागे उलटत पहिल्या पानावर आले.

पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं होतं, सुगंधा, लाखांदूर. पुढे काहीच नव्हतं.

"हिचं लिहायचं राहिलं?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"लाखांदूरले नोकरीचं पहिलं वर्ष होतं. 'लिसन' वाचायचं होतं, तिनं 'लिस्टेन' वाचलं. पोट्टे हसले. मीही हसलो मॅडम. मंग तिचं नावच लिस्टेन पडलं. पंधरा दिवसांनी शाळेत येणं बंद झालं. मी बसनं तिच्या गावी गेलो. भाताची रोवणी चालू होती. ती आईसंग चिखलात उभी राहून रोपं लावून राहिली होती. मी बांधावरूनच हाका मारल्या. नवे बूट होते माझे, खाली नाही उतरलो. ती म्हणाली, 'सर, मले नाही येत, जाऊ द्या.' आन् पुढं सरकत गेली."

"मंग?"

"मंग काही नाही. तिथून तसाच नागपूरले गेलो आन् पहिलं पुस्तक घेतलं."

वहिनी चहा घेऊन आल्या. सरांनी वही आपल्याकडे ओढून घेतली, दीपालीचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि कप जरा लांबच ठेवायला सांगितला. शाई अजून वाळायची होती.