रोहा ते पेण वाल-सोलणीची मोहीम

श्रीगजाननास स्मरून, पेणकर मातुश्रींच्या जिभेस चव कैसी फिरून आली, तो करीना म्हणजे हकिकत लिहिणे प्राप्त झाले, तो ऐसा जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, मातुश्री धोंडुबाई तापाने बेजार होऊन आठ रोज पेजेखेरीज कशास शिवल्या नाहीत, आणि सून वज्रचुडेमंडित वैशालीबाई, रोह्यानजीक धाटावच्या कंपनीत चाकरीस, त्यांचा जीव टांगणीस लागला. नववे रोजी दुपारी मातुश्रींचे फर्मान फोनवरून सुटले की, वालाचे बिरडे असेल तर दोन घास खाईन. आणि मातुश्रींचा शिरस्ता कडक. दिवेलागणीस जेवून निजल्या की मग ब्रह्मदेव आला तरी तोंड उघडणे नाही.

मग शिफ्ट सुटताच वैशालीबाईंनी रोह्याच्या बाजारी हौसा भाजीवालीस गाठले, तो सोललेले वाल खपलेले, मोडाचे अर्धा किलो उरले ते सालीसकट. घरी नेऊन सोलावे तर दिवेलागण टळते. सबब मसलत केली की गाडीतच सोलावे, आणि चहावाल्याकडून डब्यात कोमट पाणी घेऊन, वाल बुडवून, पेणच्या मेमू गाडीवर स्वार जाहल्या.

आता गनीम कोण म्हणाल, तर खुद्द गाडी! पूर्वी डिझेलची स्वारी नागोठण्यास बैठक मारी, कासूस डुलकी घेई, तेवढ्यात दोन किलो वाल सोलून वर एक भांडणही उरके. हल्ली तारेत वीज आली आणि मेली वेळेवर धावू लागली! निडी मागे पडले तो मूठभरही वाल सुटले नव्हते, आणि वैशालीबाईंचे डोळे भरून आले.

इतक्यात नागोठण्यास नित्याच्या प्रवासी आमनाबी चढल्या. हकिकत ऐकून समोर ठाण मांडले आणि म्हणाल्या, "अगो, नखानं काय कुरतडतेस? चिमटीत दाब, आपसूक सुटंल." मग तमाम डब्यास हुकूम जाला की हात धुऊन पुढे यावे, आणि धाटावचे शिफ्टवाले मोबाईल टाकून सोलणीस बसले. फक्त सुशील नामे बहादराने एक डोळा क्रिकेटात ठेविला, आणि साली वालाच्या डब्यात व वाल खिडकीबाहेर, ऐसा कारभार कासूपर्यंत चालविला. आमनाबी कडाडल्या, "अरे मुडद्या, आयशीनं बिरडं कधी दावलं नाय काय तुला?" सुशील शरमिंदा होऊन मोबाईल खिशात घालून दोन्ही हातांनी लढू लागला.

कासूपुढे मालगाडीस वाट देण्यास मेमू दहा मिनिटे उभी राहिली, आणि गाडी थांबली म्हणून अख्ख्या डब्याने टाळ्या पिटल्या, ऐसा प्रकार या मार्गी पूर्वी घडला नव्हता. पेणचा फलाट लागला तेव्हा शेवटला वाल सुटला.

मग वैशालीबाई घरी धावल्या, आणि फोडणी, खोबरे, आमसूल यथास्थित होऊन दिव्याची वात लागते न लागते तो ताट मातुश्रींपुढे ठेविले. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग मातुश्री वदल्या, "आमसूल जास्त पडलंय गो. उद्या मी उठते, मीच करते."

अकरा वर्षे या बोलण्याने सूनबाईंच्या अंगाचा तिळपापड होत असे. आज त्या ओट्यापाशी पदरात तोंड घालून रडल्या, हसल्या, आणि मातुश्रींनी वाटी पुढे करून आणिक वाढ म्हटले. येणेप्रमाणे मुक्काम पेण येथे फत्ते जाली. ती खरी म्हणून लिहून ठेविली असे.