चाळीसपैकी एक

शुक्रवारी दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी राजश्रीने पाठ टेकली आणि दोन वाजून सोळा मिनिटांनी दाराची बेल वाजली. बाहेर चौथ्या मजल्यावरचे अजय सबनीस उभे होते. शर्टाची बाही त्यांनी जिन्यातच दुमडून घेतली होती.

“वहिनी, झोपला नव्हतात ना? दोन मिनिटं बीपी बघता का? सकाळपासून जरा असं असं होतंय.”

‘असं असं’ म्हणजे नेमकं कसं, हे राजश्रीला बारा वर्षांत कळलं नव्हतं. तिने बीपी पाहिलं. एकशेवीस-ऐंशी. नेहमीसारखंच. अजयराव गेले आणि त्यांच्या सौभाग्यवती शुभदा रक्ताचे रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांच्यामागून इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, अब्बास कान धरून आला. इमारतीची राखण हे अब्बासचं काम आणि आजारी पडणं हा छंद. त्याचा कान साफ होईपर्यंत साडेचार वाजले आणि राजश्रीच्या नवऱ्याने, विश्वासरावांनी, आतून विचारलं, “चहाचं काय?”

आखातातल्या जहऱ्याच्या सरकारी इस्पितळात चोवीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सला शुक्रवारी सुट्टी असते, पण फक्त इस्पितळातून. फर्वानियातल्या त्या सहा मजली इमारतीला सुट्टी ठाऊक नव्हती. शुक्रवारी दुपारी आपण शेवटचं कधी झोपलो, हे राजश्रीला आठवत नव्हतं. बहुधा अक्षदा पोटात असताना. ती आता बारावीला होती.

त्यात इस्पितळात वॉर्ड इन्चार्जची जागा रिकामी होणार होती. राजश्रीचा अनुभव दांडगा, पण हातात मिरजेचा डिप्लोमा. इन्चार्जला पदवी हवी. म्हणून तिने अर्दियाच्या एका संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. फॉर्म भरायला विश्वासराव बरोबर गेले होते, कारण फॉर्म हा प्रकार ते बायकोवर सोपवत नसत.

तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की पहिल्या सत्रातले तीन विषय अगदी सोपे आहेत: इंग्रजी, कॉम्प्युटर आणि रुग्णसेवेची मूलतत्त्वं. ज्यांना ते येतात त्यांनी आधीच एकेक परीक्षा द्यावी. पास झाल्यास त्या वर्गाला बसायला नको. नापास झाल्यास इतरांसारखं वर्गात यावं, नुकसान काही नाही. रुग्णसेवेचा वर्ग रविवारी आणि मंगळवारी, चार ते सहा.

राजश्रीने एकच प्रश्न विचारला. “वर्गात मोबाइल चालतो?”

“अजिबात नाही. बाहेर जमा करावा लागतो. कोणी भेटायला आलं तरी आम्ही आत सोडत नाही.”

“बरं,” राजश्री म्हणाली.

घरी येताना गाडीतच विश्वासरावांनी निर्णय जाहीर केला. “तिन्ही परीक्षा द्यायच्या. खलास.”

“मी काय म्हणते, तो रुग्णसेवेचा वर्ग केला तर? सोपा आहे म्हणतात.”

“सोपा आहे म्हणूनच नाही करायचा!” विश्वासराव राई भागातल्या एका गोदामात रंगाच्या डब्यांचे तपासनीस होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ‘पास’चा शिक्का बसवून ती पुढे ढकलावी, असं त्यांना मनापासून वाटे. “चोवीस वर्षं नर्स असलेल्या बाईने हात कसे धुवायचे ते शिकायला जायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांगायचंच कशाला?”

“आई, सीरियसली?” मागच्या सीटवरून अक्षदा म्हणाली. “इट्स हँडवॉशिंग! तू झोपेत पास होशील.”

“झोपेत,” राजश्री म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

विश्वासरावांनी त्याच संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला: ‘आनंदाची बातमी. सौ. राजश्रीला पहिल्या सत्रातल्या तिन्ही विषयांत सूट मिळत आहे. त्यामुळे दर रविवारी व मंगळवारी चार ते सहा ती मोकळी असेल. या वेळेत तळमजल्यावर मोफत बीपी-शुगर तपासणी सुरू करीत आहोत. निकालाच्या शुक्रवारी सर्वांनी श्रीखंड-पुरीला यावे.’ खाली एकेचाळीस अंगठे आले. परीक्षा अजून व्हायची होती.

संदेश राजश्रीने इस्पितळात वाचला. वाचून तिने फोन खिशात ठेवला आणि समोरच्या पेशंटची सलाइन बदलली.

परीक्षा झाल्या. “कशी गेली?” असं विश्वासरावांनी तिन्ही वेळा विचारलं, आणि तिन्ही वेळा “जशी जायची तशी” हेच उत्तर मिळालं. त्यांनी पाच किलो श्रीखंडाची ऑर्डर दिली.

शुक्रवारी दुपारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. निकाल एक वाजता फोनवर येणार होता. विश्वासरावांनी मुद्दाम अक्षदाला मधोमध उभं केलं.

“मोठ्याने वाच गं.”

“इंग्लिश, पास!” टाळ्या पडल्या. “कॉम्प्युटर, पास!” पुन्हा टाळ्या. “पेशंट केअर...” अक्षदाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “बाबा, इट सेज फेल.”

“नीट बघ.”

“फेल. एफ, ए, आय, एल.”

विश्वासरावांच्या हातातला श्रीखंडाचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्यावर थांबला, तो बराच वेळ तिथेच होता. राजश्री तेवढी शांतपणे पुऱ्या वाढत होती.

“रुग्णसेवेत?” अजयराव हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. “म्हणजे बारा वर्षं ते एकशेवीस-ऐंशी...”

“वहिनी, माझं व्हिटॅमिनचं इंजेक्शन,” शुभदा बसल्या जागी सरकत म्हणाल्या, “ते बरोबर जागीच दिलं होतं ना हो?”

अब्बासने कानातला कापसाचा बोळा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो लिफ्टने खाली निघून गेला. मग सगळ्यांनाच कामं आठवली. तीन किलो श्रीखंड उरलं.

त्यानंतरच्या आठवड्यात इमारतीने राजश्रीशी फार अदबीने वागायला सुरुवात केली, म्हणजे तिच्याकडे येणं बंद केलं. अजयराव दवाखान्यात जाऊन बीपी तपासून आले. शुभदांनी मागच्या पाच वर्षांचे रिपोर्ट एका डॉक्टरला दाखवले. दाराची बेल सहा दिवस वाजली नाही. बिघडली की काय म्हणून विश्वासरावांनी बाहेर जाऊन ती स्वतः वाजवून पाहिली.

विश्वासरावांची झोप उडाली होती. आपण ज्या मालाची गावभर ग्वाही दिली तो नापास झाला, हा धक्का तपासनिसाला सोसवत नाही. पेपर तपासणाऱ्या मशीनचीच चूक असणार, असं ठरवून गुरुवारी संध्याकाळी ते फेरतपासणीचा अर्ज घेऊन एकटेच अर्दियाला गेले.

रुग्णसेवा शिकवणाऱ्या फखरुन्निसा मॅडम हैदराबादच्या निघाल्या. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि उत्तरपत्रिकेची छापील प्रत विश्वासरावांपुढे सरकवली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मार्क: एक.

“एक?” विश्वासरावांचा आवाज फुटला.

“पढ़ो ना भाईसाब, आराम से पढ़ो.”

विश्वासराव वाचू लागले. पेशंट चक्कर येऊन पडल्यास प्रथम काय कराल? राजश्रीचं उत्तर: त्याची फॉर्मवर सही घ्यावी. हात केव्हा धुवावेत? घरी गेल्यावर. ताप कसा मोजावा? पेशंटला विचारून आकडा लिहावा. अशा बाईच्या हातचं आपण बावीस वर्षं जेवतोय, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

“मॅडम, इसको कुछ नहीं आता?”

फखरुन्निसा मॅडम हसल्या. “उल्टा बोल रहे आप. आँख बंद करके टिक मारने वाले को भी चालीस में दस मिल जाते. उनचालीस गलत लाने के वास्ते उनचालीस के सही जवाब मालूम होना पड़ता. मेरी सर्विस में इत्ती हुशार औरत मैंने नहीं देखी.”

विश्वासरावांनी पुन्हा कागद पाहिला. या खेपेला त्यांनी तो रंगाच्या डब्यासारखा पाहिला, फिरवून, उजेडात धरून. प्रत्येक प्रश्नातला सगळ्यात वेडगळ पर्याय शोधून त्यावर खूण केलेली होती. कुठेही खाडाखोड नव्हती, घाई नव्हती.

“लेकिन क्यों?”

“वो आप घर में पूछो. और क्लास में उनकी सीट मैं रख रई हूँ, पंखे के नीचे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाली. राजश्री उशी झटकत होती. विश्वासराव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या एका हातात उत्तरपत्रिका होती आणि दुसऱ्या हातात फेरतपासणीचा अर्ज.

“मी कॉलेजात गेलो होतो.”

राजश्रीने उशी खाली ठेवली. “मग कळलं असेल.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“अगं पण नाव! चोवीस वर्षांचं नाव! मला सांगायचंस तरी.”

“सांगितलं होतं, गाडीत. तुम्ही खलास म्हणालात.” राजश्री पलंगावर बसली. “अहो, इंग्रजीच्या वर्गाला निबंध लिहायचे, कॉम्प्युटरला प्रोजेक्ट. ते टळले ते बरंच झालं. पण या वर्गात नुसतं बसायचंय. दोन तास, एसीत, खुर्चीवर. कोणी सिस्टर म्हणणार नाही, कोणी वहिनी म्हणणार नाही, चहाचं काय म्हणून कोणी विचारणार नाही. आणि तुम्ही तेच दोन तास तळमजल्यावर वाटून टाकलेत.”

आपली बायको थकते, ही गोष्ट लग्नाच्या बावीस वर्षांत विश्वासरावांच्या तपासणीतून निसटली होती, आणि या धक्क्यापुढे नापासाचा धक्का काहीच नव्हता. त्यांनी कागदाकडे पाहिलं.

“मग हा एक प्रश्न बरोबर कसा आला? सव्विसावा?”

“रक्त देण्याआधी काय तपासाल, तो ना?” राजश्री म्हणाली. “चुकीच्याच पर्यायावर बोट नेलं होतं हो मी. पण चुकीचं रक्त कागदावरसुद्धा देववेना.”

एवढं बोलून ती आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. विश्वासराव बाहेर येऊन बसले. दोन वाजून सोळा मिनिटांनी बेल वाजली.

दारात अजयराव. बाही दुमडलेली.

“वहिनी आहेत का? अहो, त्या दवाखान्यात दोन तास बसवतात आणि कोणी बोलतसुद्धा नाही. शुभदा म्हणाली, नापास तर नापास, आपल्या वहिनीच बऱ्या.”

“कसं वाटतंय तुम्हाला?”

“तसं काही नाही. जरा असं असं होतंय.”

“अजयराव,” विश्वासराव दार अर्धं लोटून घेत हळू आवाजात म्हणाले, “आपले इतक्या वर्षांचे संबंध आहेत म्हणून सांगतो. तिच्या हातात हात देऊ नका. ताप विचारून लिहिते ती.”

“काय सांगता!”

“मी स्वतः पेपर पाहिलाय. चाळीसपैकी एक.”

अजयरावांनी बाही खाली केली आणि ते जिन्याकडे वळले. विश्वासराव आत आले. फेरतपासणीचा अर्ज त्यांनी घडी करून केराच्या डब्यात टाकला. मग टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढली, दार आवाज न करता उघडलं, आणि राजश्रीची उत्तरपत्रिका बाहेर बेलच्या बरोबर वर, चारी कोपरे दाबून नीट चिकटवली.