गिअरबॉक्सचं स्थळ

आमच्या शेजारच्या दत्तूअण्णांच्या घरात शिरल्याबरोबर पुढच्या सोप्यात पाटावर जीपचा एक गिअरबॉक्स बसलेला असायचा. अंगावर विणलेला लोकरीचा रुमाल, खाली ऑइल सांडू नये म्हणून स्टीलचं ताट. नवा माणूस चपला काढून आत आला की आधी त्याला हात जोडायचा. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मीही जोडले होते.

अण्णांकडे जीप होती तेव्हा त्यांनी तो जादाचा म्हणून घेतला, अडीनडीला असू दे म्हणून. जीपचा मूळचा गिअरबॉक्स काही शेवटपर्यंत बिघडला नाही. पुढं जीप विकली, अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वारल्या, अडीनडी संपली, बॉक्स राहिला. दर रविवारी भिंतीपलीकडून हाक यायची, "सुरेश, ये रं, कुशीवर वळवायचाय!" एकाच अंगावर ठेवला तर आतले गिअर कोरडे पडतात, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी मिळून वळवला की अण्णा दांडा धरून एकेक गिअर टाकून बघायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "लोणी हाय लोणी!"

माझी कंबर मात्र लोण्याची नव्हती. म्हणून, आणि हे लिहिताना लाज वाटते, मी एकदा त्यांच्या भल्याचा आव आणून म्हणालो, "अण्णा, पडून पडून भंगार होईल. विकून टाका की."

"घाई कुणाला हाय?" अण्णा म्हणाले. हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. डॉक्टर मोतीबिंदू काढा म्हणाले तेव्हाही हेच.

मी मागंच लागलो. शेवटी विकण्यासारखा आहे का एवढं तरी बघू, म्हणून फोटो काढून मोबाइलवरच्या जुन्या जीपवाल्यांच्या ग्रुपात टाकला. पहिला फोन हातकणंगल्याहून आला. "बघायला कधी येऊ?"

अण्णा ताठ बसले. "बघायला?" त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रविवारी या की पावणं. किती जण येणार?"

तिथून सगळं बिघडलं, किंवा सुधारलं म्हणा. रविवारी जाऊन बघतो तर गिअरबॉक्सला डिझेलची आंघोळ झालेली, पलंगावर नवी चादर, अण्णा इस्त्रीच्या शर्टात आणि घरभर पोह्यांचा वास. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. हातकणंगल्याचा तरुण गॅरेजवाला बशी हातात घेऊन गोंधळून बसला.

"पोहं कसं झाल्यात?"

"झ्याक. किंमत किती म्हणालासा?"

"किमतीचं मागनं बघू. गाडी चालवणार कोण? क्लचवर पाय ठेवून बसायची सवय न्हाय न्हवं?"

पाहुणा बिचारा मावा थुंकायला दाराशी गेला. अण्णा माझ्या कानाशी आले. "नको. गिअर टाकायच्या येळंला हे भाईर वाकणार. आपली जायची उसात."

गिअरबॉक्स पुल्लिंगी असतो. पण त्या दिवसापासून अण्णांच्या तोंडी तो 'ती' झाला.

पुढच्या रविवारी पन्हाळ्याचे आले. पर्यटक फिरवायच्या जीपला हवा होता. "रोज घाट?" अण्णांनी कपाळाला हात लावला. "पयल्या-दुसऱ्यातच जलम जायचा हिचा. चौथा गिअर बघायला तरी मिळंल का तिला?" पन्हाळेकर पोहे खाऊन गेले.

दर रविवारी दारात परक्या चपला बघून समोरच्या शिंदेकाकूंना राहवेना. "अण्णांच्यात कुणाला बघायला येत्यात हो?" मी खरं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्या कुंकवाचा करंडा घेऊनच आल्या, आत डोकावल्या, आणि आणलंच आहे म्हणून गिअरबॉक्सला कुंकू लावून गेल्या.

मग आले गारगोटीचे देसाई. वयानं अण्णांएवढेच. घरची जीप, गिअरबॉक्स मोडून गोठ्यात उभी. घर ते शेत, सपाट रस्ता, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पोहे दोनदा मागून घेतले. अण्णांनी शेवटचा डाव टाकला, "पत्रिका जुळाय पायजे." देसाईंनी खिशातून चिठ्ठी काढून बॉक्सवरचा नंबर ताडून बघितला. जुळला. "आजच नेतो," ते म्हणाले. घासाघीससुद्धा केली नाही.

अण्णा चहा आणतो म्हणून आत गेले ते येईनातच. मी आत गेलो. चहा उतू गेला होता. अण्णा पोह्यांच्या डब्यावर हात ठेवून उभे होते.

"गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या बघण्याचं पोहं तुझ्या काकीनंच केल्यालं," ते हळू म्हणाले. "शिंद्यांच्या दोन्ही, जाधवांची. आपल्या दारात पावणं येयाला आपल्याला पोरगीच न्हवती. लई हौस हुती रं तिला." मग म्हणाले, "आता रईवारी कोण येणार?"

हे सगळं मी माझ्या कंबरेसाठी केलं होतं. "अण्णा, मी देसाईंना काहीतरी सांगून वाटेला लावतो."

"गप. चांगलं स्थळ हाय. आडवायचं नसतंय."

आम्ही तिघांनी बॉक्स उचलून देसाईंच्या टेम्पोत ठेवला. मी रुमाल काढायला गेलो तर अण्णांनी हात धरला. "असू दे अंगावर. काकीनं इणलाय." देसाईंनी रुमालाकडं बघितलं, मग अण्णांकडं. टेम्पो चालू करून ते खेकसले, "आणि पाठराखीण कोण येणार? लेक काय एकटी धाडत्यात व्हय तुमच्यात? बसा की!"

अण्णा बसलेसुद्धा. "अहो, कपडे तरी घ्या बरोबर," मी म्हणालो.

"घाई हाय रं!" त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खिडकीतून घराची किल्ली माझ्याकडं फेकत ते ओरडले, "कढई तेवढी भिजत घाल!"

कढई मी घासूनच ठेवली. आणि जाताना पाट पुसून भिंतीला उभा केला.