बनुबाईंचे पाश्चात्त्यीकरण

आमच्या श्रीरामपूरच्या ख्रिस्ती मंडळीत दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायची जुनी रीत होती. तिला घरसभा म्हणत. पाळीपाळीनं घर ठरायचं. सतरंजी, दोन गीतं, एक शास्त्रपाठ, प्रार्थना आणि चहा. या रीतीत एक गंभीर दोष असल्याचं अलीकडेच लक्षात आलं. तिच्यात चर्चा होत नव्हती.

म्हणून पंचकमिटीनं ठराव करून गुरुवारी चार ते सहा 'श्रद्धा व समकालीन पाश्चात्त्य संस्कृती' हा अभ्यासगट सुरू केला. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक शांतवन त्रिभुवन, चिटणीस शाळेतल्या सविता साळवे. वयाचा मान म्हणून मलाही घेतलं. पाश्चात्त्य संस्कृतीनं माणूस एकटा पडतो, शेजार संपतो, तेव्हा हे संकट आपल्या दारात येण्याआधी ओळखावं, असा उद्देश इतिवृत्तात नोंदला आहे. घरसभा स्थगित केली, कारण एका गुरुवारी दोन कामं होत नाहीत.

नेमकी तेव्हा पाळी बनुबाई ओहोळांची होती. पाटापलीकडे राहतात, वय शहात्तर, मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कॅनडात. महिन्यानं त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. त्याआधी चार माणसांनी घरात बसून प्रार्थना करावी, एवढी त्यांची इच्छा होती. मी ती बैठकीत मांडली. अध्यक्षांनी सहानुभूती दाखवली. पण एकदा अपवाद केला की पायंडा पडतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

गटापुढे वेगळीच अडचण होती. परदेशातून आलेल्या अभ्यासपुस्तकात बारा धडे होते आणि दुसऱ्याच धड्यात लिहिलं होतं, की आपल्या परिसरातील पाश्चात्त्य संस्कृतीचं प्रत्यक्ष निरीक्षण करा. त्यासाठी तिघांची उपसमिती नेमली. तिनं स्टेशनजवळच्या दुकानात तीनदा पिझ्झा खाल्ला आणि पुरावा अपुरा असल्याचा अहवाल दिला. मग अध्यक्षांनी पुस्तकावरून दहा प्रश्नांची प्रश्नावली काढली. सात किंवा जास्त गुण पडले, की व्यक्ती पाश्चात्त्य.

"पहिली बनुबाईंकडून भरून घ्या," ते मला म्हणाले. "कुणीतरी घरी यावं असं त्यांना वाटतंच आहे."

मी गेलो. त्यांनी सतरंजी अंथरली, मागं कोण कोण येतंय म्हणून दाराकडे बघत राहिल्या. मी एकटाच आहे म्हटल्यावर सतरंजीची एक घडी परत घातली.

"लिहा भाऊ, सावकाश लिहा," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

एकट्या राहता का? होय. जेवताना समोर टीव्ही असतो का? होय. मुलांशी बोलणं केवळ मोबाईलवर होतं का? होय. घरात पाळीव प्राणी आहे का? मांजर हाय. उपासनेला नियमित जाता का, याचं उत्तर 'नाही' आलं, कारण चर्चच्या पायऱ्या अकरा आहेत. दहापैकी आठ गुण पाश्चात्त्याच्या बाजूला पडले.

गटात आनंद झाला. सविताबाईंनी तेवढी शंका काढली.

"सर, पण त्या नऊवारी नेसतात."

"पेहराव हा वरवरचा निकष आहे," अध्यक्ष टायची गाठ सारखी करत म्हणाले.

मी म्हटलं, संकट सापडलं आहे तर आता तिथं जाऊन प्रार्थना करू. त्यावर अध्यक्षांनी समजावलं, की उलट आता जाताच येत नाही. पाश्चात्त्य संस्कृतीत मिसळावं की अंतर ठेवावं, हा नववा धडा आहे आणि आपण चौथ्यावर आहोत. वैयक्तिक कुणी गेलं, तरी ती गटाचीच भूमिका समजली जाईल. म्हणून कुणीच जाऊ नये, असा ठराव एकमतानं झाला. माझाही हात वर होता.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी 'एकाकी वृद्ध' हा धडा चालू असताना चर्चमागच्या हॉलच्या दारात रिक्षा थांबली. शेजारच्या मुबारकबींचा हात धरून बनुबाई आत आल्या. दुसऱ्या हातात चहाचा थर्मास.

"तुमाला यायला जमंना, म्हून मीच आले," त्या म्हणाल्या. "सोमवारी छाती उघडनार हायत. दोन शब्द प्रार्थनेचे म्हना, अन् मला वाटंला लावा."

अध्यक्ष म्हणाले, "योगायोगानं तुमचाच विषय चालू आहे, बाई. बसा. प्रश्नोत्तरं साडेपाचला."

त्या तासभर बसल्या. एकाकी वृद्धांना काय वाटतं, हे सहा जणांनी त्यांना सांगितलं. साडेपाचला त्यांनी विचारलं, "मंग प्रार्थना कोन करतंय?"

चर्चचे पाळकसाहेब शिबिराला गेले होते. अध्यक्षांनी सविताबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, मी पुस्तकात. चौथ्या धड्यात प्रार्थना दिलेली नव्हती.

मुबारकबी जरा वाट बघून म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी माझ्या परीनं मागते." त्यांनी ओंजळ उघडली, पुटपुटल्या. बनुबाईंनी डोळे मिटले आणि शेवटी मोठ्यानं आमेन म्हटलं. मग दोघींनी सगळ्यांना चहा दिला आणि निघाल्या.

प्रार्थना सभासद नसलेल्या व्यक्तीनं केल्याबद्दल आक्षेप नोंदला गेला. चहाबद्दल आक्षेप नव्हता.

ऑपरेशन झालं. बनुबाई अजून वॉर्डात आहेत, उशाशी मुबारकबी बसून असतात. गटानं शुभेच्छांचा ठराव फोनवर पाठवला. कॅनडातून मुलानंही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा असते. तीच आमच्या बैठकीची वेळ. आपण हे इथवर बसून वाचलंत, म्हणजे आपल्यालाही विषयाची गोडी दिसते. गटात तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. वाचताना ओळखीचं कुणी म्हातारं माणूस आठवलं असेल, तर कृपया लगेच उठून त्याच्याकडे जाऊ नका. आधी आपलं मत लेखी कळवा.