पंच्याण्णव टक्के पाणी

धम्मपाल सोनकांबळे सरांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं की, सोमवारच्या शाळेच्या तपासणीला ते अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी मांडलं नसेल असं काहीतरी मांडणार आहेत. बेडूक आणि झुरळं काय, कुणीही मांडतं. सर जिवंत जेलीफिश मांडणार होते!

सर मूळचे लातूरकडचे. समुद्र त्यांनी पाहिला तो नोकरीसाठी मीरा रोडला आल्यावर, पण पुस्तकातला समुद्र त्यांना तोंडपाठ होता. पेणकरपाड्याजवळच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. दोन वर्षांची उमेदवारी संपत आली होती आणि नोकरी कायम होणार की नाही, हे तपासणी अधिकाऱ्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. शेरा बिघडला की बिऱ्हाड गुंडाळून परत लातूर, एवढा सरळ हिशोब होता.

"मेंदू नाही, हृदय नाही, एक हाड नाही, तरी पन्नास कोटी वर्षं टिकून आहे," सरांनी बायकोला समजावलं.

"मग त्याची नोकरी कायम व्हायला काही अडचण नसावी," संध्या म्हणाली.

रविवारी सकाळी सर बिस्किटांची मोठी काचेची बरणी घेऊन भाईंदरच्या खाडीवर पोहोचले. बाजारात मासळी विकणाऱ्या चंद्रावतीला त्यांनी जेलीफिशचं आधीच सांगून ठेवलं होतं. तिला नवल वाटत होतं. आजवर लोकांनी तिच्याकडे पापलेट मागितलं होतं, बोंबील मागितले होते. तिचा नवरा जाळ्यातून शिव्या घालत फेकून देतो ती घाण मागणारं गिऱ्हाईक पहिलंच! तरी तिने खाडीच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात तीन प्रकार राखून ठेवले होते. एक बशीएवढा पारदर्शक, पोटात चार कड्या असलेला. एक टोपीसारखा पांढरा, खाली झालर आणि लांब दोरे. तिसरा इवलासा निळा, हवा भरलेल्या पिशवीखाली शेपट्या सोडलेला.

सरांना राहवेना. हा निळा खरं म्हणजे जेलीफिशच नाही, त्यांनी सांगितलं, ती एक वसाहत आहे. आमच्याकडच्या सिल्व्हर पार्कातल्या सोसायटीसारखी. एकाने तरंगायचं काम बघायचं, एकाने खायचं, एकाने शिकार मारायची.

"आन् पान्याचं कोन बघतं?" चंद्रावतीने विचारलं. हा प्रश्न मीरा रोडच्या एकाही सोसायटीला सुटलेला नव्हता, त्यामुळे सर विषय बदलून पांढऱ्या टोपीवाल्याकडे वळले. तोच त्यांनी पसंत केला.

"मास्तर, खाडीचंच पानी घेऊन जा. गोड्या पान्यात त्यो न्हाय राहायचा. आन् हात नको लावू, मेला तरी चावतंय."

सरांना हसू आलं. तपासणी अधिकाऱ्यांपुढे असलं गढूळ पाणी ठेवायचं? बीएस्सी झालेल्या माणसाने? खाडीच्या पाण्यातून त्यांनी प्राणी घरी आणला आणि आल्या आल्या ते पाणी मोरीत ओतलं. टँकर दिवसाआड यायचा. संध्याने प्यायला म्हणून उकळून, गाळून ठेवलेला हंडा सरांनी बरणीत रिकामा केला. संध्याने रिकामा हंडा उचलून दाराशी नेऊन ठेवला, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं.

बरणीबाहेर एक दोरा लोंबत होता. सरांनी तो बोटांनी आत सारला. पाण्याबाहेर लोंबणारा दोरा चावत नाही, हे शास्त्र त्यांनी त्या क्षणी मनानेच रचलं. पुढच्या क्षणी ते घरभर नाचत होते. आग शमावी म्हणून त्यांनी हातावर घरातलं उरलंसुरलं गोडं पाणी ओतलं, तशी ती दुप्पट झाली. दोऱ्यातल्या न फुटलेल्या दंशपेशी गोड्या पाण्याने फुटतात, हे सरांनीच नववीला शिकवलं होतं.

संध्याकाळी जेलीफिश फुगला. सर म्हणाले, खूश आहे. सोमवारी पहाटे त्याची झालर सुटली. सर म्हणाले, विश्रांती घेतोय. मग बरणी मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले आणि मीरा रोडच्या खड्ड्यांनी उरलेलं काम केलं. शाळेच्या टेबलावर बरणी ठेवली तेव्हा आत पांढुरकं पाणी होतं आणि खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी होती: जेलीफिश. सरांना अक्षरशः रडू येत होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका मनोरमाबाई तपासणीच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी चिठ्ठी वाचली, बरणीत डोकावलं, नाकाला रुमाल लावला.

"यात तर पाणी आहे."

"साहेब," सर म्हणाले, "जेलीफिशच्या अंगात पंच्याण्णव टक्के पाणीच असतं."

"असं? आणि उरलेले पाच टक्के?"

सरांनी इतका वेळ खिशात लपवलेला उजवा हात बाहेर काढला. तो मनगटापर्यंत सुजला होता आणि त्यावर छडीसारखे लाल वळ उठले होते. मनोरमाबाई दोन पावलं मागे सरकल्या. साहेबांनी तो हात चष्मा लावून नीट बघितला, प्रत्येक वळाची चौकशी केली, आणि नंतर बराच वेळ वहीत लिहीत राहिले.

सर धावत घरी आले. "अगं, काय लिहिलं माहितेय? 'शिक्षकांना विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. कायम करण्यास हरकत नाही.' आता आपण मीरा रोडचे कायमचे झालो!"

संध्याने त्यांच्या हातात रिकामा हंडा दिला.

"मग डाव्या हाताने धरा. टँकर आलाय."